हाती धरावयाचे प्लंज राउटर : निवड कशी करावी

व्यापारी बंधूंच्या वार्षिक स्मरणिकेत सुतारकामाच्या एका यंत्राविषयी लेख पाहून काही वाचकांस आश्चर्य वाटण्याचा संभव आहे. धान्याच्या घाऊक व्यापारात ज्यांचे आयुष्य गेले त्यांना लाकूड कापण्याच्या यंत्राशी काय कर्तव्य, असाही प्रश्न कोणी करील. त्याचे उत्तर सरळ आहे. आमच्या संघातील कित्येक घरांतून आता प्लायवुडची, लोखंडी सामानाची आणि तयार फर्निचरची दुकाने निघाली आहेत. ज्या घरांत ती नाहीत त्या घरांत निदान सुतार तरी येतोच, आणि तो आला म्हणजे उचल मागतो. पूर्वी ही उचल लग्नकार्यासाठी किंवा आजारपणासाठी असे. गेल्या काही वर्षांत ती बहुधा यंत्रासाठी असते. पैसा आम्ही देतो, यंत्र दुकानदार निवडतो आणि बोटे मात्र सुताराची त्या पात्याजवळ असतात. या तिघांत जो पैसा देतो त्याने वस्तूची पारख थोडीतरी शिकून घेतली पाहिजे असे आम्हांस वाटते, आणि त्या हेतूने आम्ही गेली काही वर्षे बेळगाव व आसपासच्या सुतारांकडे बसून, निरनिराळी यंत्रे हाताळून व चालवून जे जाणले ते येथे मांडीत आहोत.

प्रथम हे यंत्र करते काय ते पाहू. पूर्वीच्या सुताराच्या पेटीत खाच पाडण्याचा रंधा निराळा, गलता काढण्याचा निराळा, आणि दाराच्या चौकटीत कूस बसविण्यासाठी भोक पाडावयाचे तर पटाशी व हातोडा निराळा. ही सर्व कामे राउटर एकटा करतो. वर विजेची मोटर, तिच्या खालच्या टोकाला पाते धरणारी मूठ, आणि त्या खाली लाकडावर सरकणारी सपाट बैठक, इतकीच त्याची रचना. पात्याला कारागीर बिट म्हणतात व पाते धरणाऱ्या मुठीला कॉलेट. जसे बिट बदलावे तसे काम बदलते : सरळ बिटाने खाच, गोल बिटाने कडेचा गलता, टोकदार बिटाने दारावरील पाटीची अक्षरे.

राउटरचे मुख्य प्रकार दोन. एकात मोटर बैठकीत एका उंचीवर आवळून बसविलेली असते. तिला स्थिर बैठकीचा राउटर म्हणावे. दुसऱ्यात मोटर दोन उभ्या खांबांवर स्प्रिंगच्या आधाराने वर राहते व दोन्ही मुठींवर भार दिला म्हणजे फिरत्या बिटासह सरळ खाली उतरते. हाच प्लंज राउटर. दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मनीतील एलू या कंपनीने ही रचना प्रचारात आणली. ती कंपनी १९८४ मध्ये ब्लॅक अँड डेकरने विकत घेतली, आणि एलूच्या एका नावाजलेल्या राउटरचा वंश आजही डीवॉल्टच्या ६२५ क्रमांकाच्या यंत्रात चालू आहे. यावरून रचना किती पक्की होती हे ध्यानी येईल.

या उतरण्याचे महत्त्व समजण्यासाठी एक उदाहरण घेऊ. फळीच्या मध्यभागी, दोन्ही टोकांना न भिडणारी खाच पाडावयाची आहे. स्थिर बैठकीचा राउटर असेल तर सुताराला यंत्र तिरपे धरून, बिट फिरत असताना, हळूहळू आडवे लाकडात घालावे लागते. त्या क्षणी बैठक लाकडावर पूर्ण टेकलेली नसते, बिट लाकूड पकडते आणि यंत्र उसळी मारते. प्लंज राउटरमध्ये बैठक आधी सपाट टेकते, मग बिट सरळ खाली येते, आणि काम संपल्यावर खीळ सोडली की स्प्रिंगच त्याला वर उचलून घेते. कुसाची भोके, कुलपाची व बिजागरीची घरे, स्वयंपाकघरातील ओट्याच्या फळीत भांडी धुण्याच्या कुंडीसाठी पाडावयाचे मोठे भोक, कोरीव पाट्या, ही सारी कामे फळीच्या मधून सुरू होतात. म्हणून ज्याला एकच राउटर घ्यावयाचा आहे त्याने प्लंज घ्यावा, हे आमचे स्पष्ट मत आहे. ज्याला केवळ सनमायकाच्या कडा छाटावयाच्या आहेत त्याला मात्र त्याची गरज नाही. त्या कामाला ट्रिमर नावाचे एका हातात मावणारे लहान यंत्र पुरते. मकिटाचा ३७०९ हा त्या जातीचा : ५३० वॅट, मिनिटाला ३०,००० फेरे. आपल्याकडील बहुतेक सुतारांजवळ असला ट्रिमर असतोच, व तो आहे म्हणून राउटर नको असा त्यांचा समज असतो. ट्रिमरने १८ मिलिमीटर जाडीच्या प्लायवुडची खाच पाडताना मोटर कशी तापते हे ज्याने पाहिले आहे तो तसे म्हणणार नाही.

आता निवडीकडे वळू. दुकानात गेल्यावर विक्रेता पहिली गोष्ट सांगतो ती वॅटची. आम्ही एका दुकानात गेलो असता तेथील गृहस्थांनी आम्हांस पाऊण घटका वॅटच सांगितले. खांब हलवून दाखवा म्हटले तेव्हा मात्र त्यांना दुसऱ्या गिऱ्हाइकाची आठवण झाली. वॅट महत्त्वाचे नाहीत असे नाही. परंतु पाटीवर लिहिलेले वॅट म्हणजे यंत्र विजेच्या तारेतून किती ओढते त्याचे माप. बिटापर्यंत किती पोहोचते त्याचे नव्हे. पोत्याचे वजन आणि निवडलेल्या धान्याचे वजन यांत जो भेद, तोच हा. परदेशी यंत्रांवर अश्वशक्ती लिहिलेली असते, तिथे तर अधिक सावध राहावे. अमेरिकेतील १२० व्होल्टच्या यंत्रावर ‘सव्वातीन अश्वशक्ती’ असे लिहिलेले आढळते आणि त्याच पाटीवर १५ अँपिअर असेही असते. १२० ला १५ ने गुणले तर १,८०० वॅट होतात. एक अश्वशक्ती म्हणजे ७४६ वॅट, तेव्हा हिशेब जेमतेम २.४ अश्वशक्तीचा होतो. उरलेली अश्वशक्ती क्षणभर रेटले असता मोटर जे दाखविते त्यावरून धरलेली असते. मालाच्या वानगीवरून सारी वखार विकावी असा हा प्रकार आहे.

वॅटच्या दृष्टीने प्लंज राउटरचे ढोबळ तीन वर्ग पडतात. ९०० ते १,३०० वॅटची हलकी यंत्रे, त्यांवर १,४०० ते १,६०० च्या आसपासची मधली, आणि १,८०० ते २,३०० वा अधिक वॅटची जड यंत्रे. मकिटाचा आरपी ०९०० हा ९०० वॅटचा, बॉशचा जीओएफ १३० हा १,३०० वॅटचा, फेस्टूलचा ओएफ १४०० हा नावाप्रमाणे १,४०० वॅटचा आणि मकिटाचा आरपी २३०१ एफसी हा २,१०० वॅटचा. ही नावे केवळ मापाची कल्पना यावी म्हणून दिली आहेत, कोणाची शिफारस म्हणून नव्हे.

आमच्या मते वॅटच्या आधी पाहण्याची गोष्ट म्हणजे कॉलेट. बिटाचा दांडा ६, ८ किंवा १२ मिलिमीटरचा असतो. इंची मापात पाव इंच किंवा अर्धा इंच. हलक्या यंत्रांत बहुधा ६ आणि ८ चे कॉलेट बसते, जड यंत्रांत १२ चे किंवा अर्ध्या इंचाचेही. आता हा फरक वाटतो तेवढा लहान नाही. सारखीच लांबी व सारखाच धातू असेल तर दांड्याचा ताठपणा त्याच्या जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो. म्हणजे ६ मिलिमीटरच्या दांड्यापेक्षा १२ चा दांडा दुप्पट नव्हे, १६ पट ताठ. खोल भोक पाडताना जो दांडा थरथरतो तो खाचेच्या भिंतीवर लाटा उमटवितो, आणि फार थरथरला तर मोडतो. मिनिटाला २०,००० फेरे फिरणारा तुकडा कोठे जाईल हे सांगता येत नाही. म्हणून ज्याला दारे-चौकटी करावयाच्या आहेत त्याने १२ चे कॉलेट असलेलेच यंत्र घ्यावे, आणि ८ चे कॉलेट वेगळे मिळते की नाही ते विचारावे. एकाच कॉलेटात पातळ नळी घालून लहान दांडा बसविण्याची युक्ती अनेक दुकानदार सुचवितात. चालते खरी, पण पक्के कॉलेट ते पक्के कॉलेट.

येथे एका घोटाळ्याविषयी बजावून सांगणे आमचे कर्तव्य आहे. पाव इंच म्हणजे ६.३५ मिलिमीटर आणि अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर. आपल्या बाजारात दोन्ही पद्धतींची बिटे एकाच डब्यात मिसळून ठेवलेली असतात. पाव इंचाच्या कॉलेटात ६ मिलिमीटरचा दांडा घालून जोराने आवळला तर हाताला तो घट्ट वाटतो, परंतु पकड सर्व बाजूंनी बसत नाही. भार पडताच बिट हळूहळू खाली सरकते, खाच आपोआप खोल होत जाते आणि शेवटी ते निसटते. बिटे घेताना दुकानात मापाची कैची मागावी व दांडा मोजून घ्यावा. मागण्याची लाज वाटू देऊ नये. तराजू मागताना आपण कधी लाजलो नाही.

कॉलेट स्वतः कसे आहे तेही पाहावे. चांगल्या कॉलेटला चिरा पुष्कळ असतात, त्यामुळे ते दांड्याला चहूबाजूंनी सारखे आवळते. हलक्या प्रतीच्या कॉलेटला एखाददुसरीच चीर असते. चांगल्यातली चाकी सोडताना दोनदा सैल होते : पहिल्यांदा नुसती ढिली, आणि पुन्हा थोडी घट्ट होऊन मग बिट बाहेर ढकलते. ही खूण ज्यात आहे त्यात बिट अडकून बसत नाही व सुताराला त्यावर हातोडी घालावी लागत नाही. बिट बसविताना दांडा तळाशी टेकवून मग २-३ मिलिमीटर वर उचलावा व मग आवळावा. तळाला टेकलेला दांडा आवळताना कॉलेटाची पकड अपुरी राहू शकते. रिकामे कॉलेट कधीही आवळू नये, त्याचे तोंड आत दबते. लाकडाचा चीक व धूळ आत साचते ती वेळोवेळी पुसावी, आणि पुसूनही पकड सैल वाटली तर कॉलेट बदलावे. यंत्राच्या मानाने त्याची किंमत थोडी असते.

कॉलेटानंतर खांब. प्लंज राउटरचे सारे गुणदोष या दोन खांबांत आहेत असे म्हटले तरी अतिशयोक्ती होणार नाही. दुकानात यंत्र टेबलावर ठेवून, वीज न जोडता, तीन परीक्षा कराव्यात. पहिली, दोन्ही मुठींवर सारखा भार देऊन मोटर सावकाश खालीपर्यंत न्यावी व वर सोडावी. मध्ये कोठे अडखळली, करकरली तर ते यंत्र बाजूला ठेवावे. दुसरी, केवळ एकाच मुठीवर भार द्यावा. थोडी ओढ प्रत्येक यंत्रात जाणवते, पण जे यंत्र तिरपे होऊन जागीच अडकते ते कामात तसेच अडकणार. तिसरी, मोटर अर्ध्यावर आणून खीळ लावावी, बैठक एका हाताने दाबून धरावी व दुसऱ्या हाताने मोटर पुढेमागे हलवावी. खीळ लावल्यावर तिने हलता कामा नये. येथे एका केसाइतकी ढिलाई असेल तर बिटाच्या टोकाशी ती वाढते, आणि कुसाचे भोक कुसापेक्षा मोठे होते. अशा भोकात बसविलेली कूस सरसाने भरून काढावी लागते आणि पहिल्या दोन पावसाळ्यांत दार कुरकुरू लागते. गिऱ्हाईक तेव्हा यंत्राला दोष देत नाही, मिस्त्रीला देते.

खीळ कोठे आहे तेही पाहावे. मुठीवरून हात न काढता अंगठ्याने किंवा बोटाने ती लावता-सोडता आली पाहिजे. बटनाचेही तसेच. ज्या यंत्राचे बटन शोधण्यासाठी एक मूठ सोडावी लागते ते यंत्र अडचणीच्या क्षणी बंद करता येत नाही. आमच्या घरी काम करणारे एक वृद्ध मिस्त्री उचल मागावयास आले तेव्हा एवढेच म्हणाले, “सावकार, तुम्ही महागाचं द्याल ते मला ठाऊक आहे. पण मला दुकानात घेऊन चला, माझ्या हाताला बसतंय का ते मला बघू द्या.” आम्ही त्यांना घेऊन गेलो. त्यांचा पंजा लहान. जड यंत्राच्या मुठी त्यांना पुरत्या धरता येईनात, आणि त्यांनी मधल्या वर्गातील यंत्र घेतले. यंत्र ज्याच्या हातात राहावयाचे तो दुकानात असल्याशिवाय ते विकत घेऊ नये, ही गोष्ट आम्ही उचल देणाऱ्या सर्व बंधूंना आग्रहाने सांगतो.

खोली ठरविण्याची व्यवस्था हा प्लंज राउटरचा दुसरा गुण. मोटरजवळ एक उभी सळई असते आणि तिच्या खाली बैठकीवर पायऱ्यांची फिरती चकती. सळई पायरीला टेकली की मोटर त्याखाली उतरत नाही. पायऱ्या बहुधा तीन, काहींत अधिक. १८ मिलिमीटर खोल खाच हवी तर पहिल्या पायरीवर ६, दुसऱ्यावर १२ व तिसऱ्यावर १८, अशा तीन फेऱ्यांत ती पाडावी. एका दमात पाडू नये. सळईवरील मोजपट्टीवर विसंबण्यापेक्षा एक जुनी युक्ती बरी : बिटाचे टोक लाकडाला नुसते टेकवून मोटर तेथे खिळवावी, आणि जी फळी त्या खाचेत बसणार तिचा तुकडा सळई व पायरी यांच्या मध्ये धरून सळई आवळावी. तुकडा काढून घेतला की त्याच्या जाडीइतकीच खाच पडेल, मोजणे नको की वाचणे नको. हे येथे सांगण्याचे कारण, आपल्या बाजारात १८ चे म्हणून मिळणारे प्लायवुड मोजले तर पुष्कळदा तेवढे भरत नाही. शेर-पायलीच्या काळापासून हा अनुभव आपल्याला आहेच. त्यामुळे खाचेची रुंदीही १८ च्या बिटाने एका फेरीत न काढता १२ च्या बिटाने दोन फेऱ्यांत, प्रत्यक्ष फळी लावून पाहत, काढलेली बरी.

वेगाचा विषय थोडा विस्ताराने घेतला पाहिजे, कारण याविषयी अज्ञान फार आहे. वेग जितका जास्त तितके यंत्र चांगले अशी समजूत दिसते. वस्तुतः यंत्राचे फेरे तेच असले तरी बिट जितके रुंद तितकी त्याची कड अधिक वेगाने धावते. हिशेब करून पाहू. १२ मिलिमीटर व्यासाचे बिट मिनिटाला २४,००० फेरे फिरत असेल तर त्याची कड ताशी सुमारे ५४ किलोमीटर वेगाने जाते. ५० मिलिमीटरचे बिट त्याच फेऱ्यांवर ठेवले तर तीच कड ताशी सुमारे २२६ किलोमीटर वेगाने धावते. बिटावर डाख दिलेले कार्बाइडचे पाते या वेगाला उडू शकते. म्हणून २५ मिलिमीटरपर्यंतच्या बिटास २२ ते २४ हजार, ५० पर्यंत सुमारे १८ हजार, आणि त्याहून मोठ्यास १६ हजार व त्याखाली असा सर्वसाधारण नियम आहे. बिटाच्या डबीवर कमाल वेग छापलेला असेल तर तोच प्रमाण मानावा. यावरून निवडीचा नियम निघतो : ज्याला मोठी बिटे वापरावयाची आहेत त्याने वेग कमी-अधिक करता येणारे यंत्रच घ्यावे. वर सांगितलेला आरपी ०९०० हा २७,००० फेऱ्यांच्या एकाच वेगाचा आहे, तो लहान बिटांसाठीच योग्य. जीओएफ १३० चा वेग ११,००० ते २८,००० आणि आरपी २३०१ एफसीचा ९,००० ते २२,००० असा बदलता येतो. दाराच्या दिल्ह्याला उतार देणारी ८०-९० मिलिमीटरची बिटे कितीही हळू फिरली तरी हातात धरून चालवू नयेत. त्यांस यंत्र टेबलाखाली उलटे पक्के बसवावे लागते. पुढे तसे बसविण्याचा विचार असेल तर खोली वरून किल्लीने कमी-अधिक करता येते काय ते आताच विचारून ठेवावे.

भार पडल्यावर वेग टिकवून धरणारी व सुरू होताना हिसका न देणारी इलेक्ट्रॉनिक व्यवस्था चांगल्या यंत्रांत असते. जड यंत्रात ती असावीच. पाच-सहा किलोचे यंत्र सुरू होताना मनगट पिळवटून काढते. याच्याच जोडीची आणखी एक सोय काही यंत्रांत मिळते व आपल्याकडे ती फार मोलाची आहे : वीज गेली आणि परत आली तर यंत्र आपोआप सुरू होत नाही. ज्यात ही सोय नाही त्याचे बटन अडकवून ठेवलेले असताना वीज गेली, सुतार चहाला गेला आणि वीज आली, तर टेबलावरचे यंत्र आपल्या मनाने धावू लागते. वीज जाताच खटका काढून ठेवण्याची सवय कारागिरांना लावावी.

विजेचा उल्लेख आलाच आहे तर जोडणीचेही पाहू. २३० व्होल्टवर १,३०० वॅटचे यंत्र सुमारे ५.७ अँपिअर घेते, म्हणजे ६ अँपिअरच्या लहान खटक्यावर ते काठावर आहे. २,१०० वॅटचे यंत्र ९ अँपिअरच्या वर घेते. त्याला १६ अँपिअरचाच मोठा खटका हवा. लांबवरून तार ओढावयाची तर ती अडीच चौरस मिलिमीटरची घ्यावी व वेटोळे पूर्ण उलगडून ठेवावे, नाहीतर तार आतल्या आत तापते. आमच्या सभासदांची मुले अमेरिकेतून येताना हौसेने अशी यंत्रे आणतात. ती १२० व्होल्टची असतात. येथील खटक्यात घातली की क्षणात जळतात, आणि पुरेशा शक्तीचा ट्रान्सफॉर्मर घ्यावयाचा तर तो जड, महाग व कामाच्या जागी हलविण्यास त्रासाचा. तशी भेट नम्रपणे नाकारावी.

बिटांवरचा खर्च हिशेबात आधीच धरावा. यंत्राला शंभर रुपये ठेवले असतील तर त्यातले तीस बिटांसाठी बाजूला काढावेत असा आमचा ठोकताळा आहे. प्लायवुडमधील गोंद आणि सागवानातील वाळूसारखा कठीण अंश साध्या पोलादाची धार लवकर घालवितात. म्हणून कार्बाइडचीच बिटे घ्यावीत. पन्नास नगांची चकचकीत पेटी घेण्याचा मोह होतो. त्यातली पाच वापरली जातात. त्यापेक्षा ६ व १२ ची सरळ बिटे, कूस-भोकासाठी वर चुरा उचलणारे पिळाचे एक, छाटणीसाठी बेअरिंगचे एक आणि गलत्याचे एक, एवढी उत्तम प्रतीची घेऊन आरंभ करावा. लाकडावर काळा डाग पडू लागला तर धार गेली आहे किंवा यंत्र फार हळू सरकविले जात आहे असे समजावे.

यंत्र कोणत्या दिशेने ढकलावे हे विक्रेते सांगत नाहीत. वरून पाहिले असता बिट घड्याळाच्या काट्याप्रमाणे फिरते. त्याच्या विरोधात ढकलले तर यंत्र ताब्यात राहते, त्याच्या बाजूने ढकलले तर ते स्वतःच पुढे धावते. म्हणून फळीच्या बाहेरच्या कडा काट्यांच्या उलट दिशेने व आतल्या भोकाच्या कडा काट्यांच्या दिशेने घ्याव्यात. फळी आपल्यासमोर व यंत्र तिच्या आपल्याकडील कडेवर असेल तर डावीकडून उजवीकडे. फळीवर सरळ पट्टी बांधून तिच्या आधाराने, यंत्र आपल्यापासून दूर ढकलीत खाच पाडताना पट्टी डाव्या हाताला ठेवावी, म्हणजे यंत्र आपणहून तिला बिलगून चालते.

धुळीविषयी धान्याच्या व्यापाऱ्याने बोलावे हे योग्यच आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्ये लाकडाची धूळ मनुष्यास कर्करोगकारक ठरविली. राउटरची धूळ बारीक असते आणि एमडीएफच्या फळीची तर पिठासारखी. यंत्राला धूळ ओढणारी नळी जोडण्याचे तोंड आहे की नाही, व ते आपल्याकडील साध्या व्हॅक्युमच्या नळीस बसते की नाही, ते पाहूनच घ्यावे. चष्मा, नाकावर चांगला मास्क आणि कानांचे संरक्षण ही यंत्राच्याच किमतीत धरावीत. आमच्या व्यवसायबंधूंना आणखी एक सांगावेसे वाटते. धान्याच्या वखारीत फळ्या-मांडण्या करावयाच्या असल्या म्हणजे सुतार तेथेच यंत्र लावतो. या यंत्रांच्या मोटरीत कार्बनचे ठोकळे घासतात व त्यांतून बारीक ठिणग्या पडतात. हवेत तरंगणारी धान्याची व पिठाची धूळ ठिणगीने पेट घेऊ शकते, आणि कोंडलेल्या जागेत ती भडकली तर स्फोट होतो. कापणी बाहेरच्या ओसरीवर करावी, आत केवळ जोडणी करावी.

तेच कार्बनचे ठोकळे झिजतात व बदलावे लागतात. ते बाहेरून पेच काढून बदलता येतात की संपूर्ण मोटर उघडावी लागते, ते विचारावे. कंपनीचे दुरुस्ती केंद्र आपल्या गावी किंवा निदान कोल्हापूर-हुबळीला आहे काय, तेथे कॉलेट व ठोकळे तयार मिळतात काय, याची चौकशी घरून निघण्यापूर्वीच करावी. एक आठवडा बंद पडलेले यंत्र सुताराची एक आठवड्याची मजुरी खाते. पक्के बिल घ्यावे, हमीपत्रावर दुकानाचा शिक्का व तारीख घालून घ्यावी. यंत्र नोंदणीकृत धंद्यासाठी असेल तर बिलावर आपला जीएसटी क्रमांक लिहून घेतल्यास भरलेल्या कराची वजावट मिळण्याचा मार्ग मोकळा राहतो ; आपल्या हिशेबनिसास विचारून घ्यावे.

बॅटरीवरच्या राउटरांविषयी तरुण सभासद विचारतात. कडा छाटणे, बिजागरीची घरे पाडणे अशा हलक्या कामास, विशेषतः गिऱ्हाइकाच्या घरी जाऊन करावयाच्या कामास, ते सोयीचे आहेत. दिवसभर चौकटी करणाऱ्यास तार असलेलेच यंत्र परवडते.

आता कोणी आम्हांस एका वाक्यात सांगा म्हणून विचारतो तेव्हा आम्ही त्यालाच विचारतो की काम कोणते. घरचे कपाट, पाट्या, हौसेचे काम असेल तर १,००० ते १,३०० वॅटचे, वेग बदलणारे, ८ च्या कॉलेटाचे यंत्र. तयार फर्निचरचा कारखाना काढावयाचा असेल तर मधल्या वर्गातील एक आणि जोडीला ट्रिमर एक. दारे, चौकटी, जिने, सागवान व फणसाचे जाड लाकूड असेल तर १,८०० वॅटच्या वरचे, १२ च्या कॉलेटाचे, सावकाश सुरू होणारे. आणि उचल देऊन घ्यावयाचे असेल तर हप्ता असा बांधावा की मिस्त्रीला घाईघाईने एका फेरीत खाच पाडण्याची पाळी येऊ नये. पहिल्या दिवशी त्याला गिऱ्हाइकाचे लाकूड देऊ नये. वखारीतील जुन्या फळ्या द्याव्यात, त्यांतील खिळे आधी शोधून काढावेत, आणि दोन दिवस त्याला नुसत्या खाचा पाडू द्याव्यात.